मेल अडला कुठे?

मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात अँटिव्हायरस वर्षाच्या बोलीवर मिळतो. वर्ष सरलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात 'मुदत संपली' असा लाल निरोप यायला लागला, की घरातलं कोणीतरी दुकानात जातं आणि या खेपेला जो स्वस्त पडेल तो डबा घेऊन येतं. गेल्या वर्षी क्विक हील होता, यंदा नेट प्रोटेक्टर. कधी मुंबईहून गणपतीला आलेला भाचा तिसऱ्याच कंपनीची की टाकून जातो. जुना काढला, नवा टाकला, मशीन बंद करून चालू केलं. यूट्यूब चालतं, बँकेचं पान उघडतं, सगळं ठीक दिसतं. फक्त आउटलुक किंवा थंडरबर्ड उघडलं की मेल येत नाहीत. कधी येतात, पण इकडून जात नाहीत. कधी दर दोन मिनिटांनी पासवर्ड विचारला जातो. मग घरातून दुकानात फोन जातो: "मेल येणा नाय. मी कायएक करूक नाय, फक्त अँटिव्हायरस बदललंय."

या वाक्यात निम्मं निदान झालेलं असतं. पण पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "सीपीयू घेवन ये, फॉरमॅट मारूया." दुकानदाराच्या मनात वाईट काही नसतं. हंगामात त्याच्याकडे रांग असते, आणि एकेका मशीनपुढे तासभर बसून शोध घेण्यापेक्षा सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं त्याला खात्रीचं वाटतं. त्यानंतर मेल सुरूही होतो. मात्र त्या पुसण्यात पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार जातो, आणि तो परत मिळत नाही. मेल अडणं हा चार तासांचा त्रास; फॉरमॅटमध्ये गेलेला मेल कायमचा गेला. म्हणून या प्रकरणातला क्रम असा आहे: आधी आपले मेल नेमके कुठे साठले आहेत ते पाहायचं, मग ते कुठे अडलेत ते शोधायचं. डिस्क पुसायची वेळ सहसा येतच नाही.

आता सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, मेलसाठी एवढी यातायात कशाला, असं वाटेल. या किनाऱ्यावर तसं म्हणता येत नाही. तारकर्ली, देवबाग, वायरीच्या घरगुती निवासांत चौकशी फोनवर होत असेल, पण बुकिंगच्या संकेतस्थळांचं पक्कं झाल्याचं पत्र, रद्द झाल्याची सूचना, एखाद्या कंपनीच्या सहलीसाठी मागितलेलं जीएसटीचं बिल, हे सगळं मेलवर येतं. देवगडच्या बागायतदाराची मुंबई-पुण्याकडची ऑर्डर मेलवर असते. जहाजावर नोकरी करणाऱ्याचं घर असेल, तर कंपनीचं बोलावणं, विमानाचं तिकीट आणि मेडिकलची तारीख मेलवरच येते, आणि तीही ऐनवेळी. अशा घरात आठवडाभर मेल बंद राहिला तर पगार बुडतो.

आता पहिला प्रश्न: मेल राहतो कुठे? ते कळायला थोडं मागे जाऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत, आणि मोठ्या शहरांपुरतं. पुढे ते टेलिफोनच्या तारेवरून तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचलं. फोन जोडलेला असेपर्यंत मीटर पळायचा, म्हणून मेल पटकन मशीनवर उतरवून घ्यायचे, फोन तोडायचा आणि सावकाश वाचत बसायचं. या उतरवून घेण्याच्या पद्धतीचं नाव पीओपी. तिची आजही चालणारी तिसरी आवृत्ती १९८८ मधली आहे. सर्व्हरवरचा मेल मशीनवर आला की सर्व्हरवरून पुसला जायचा, कारण तिथे जागाच नसायची. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू करून एक जीबी जागा देऊ केली, तेव्हा हॉटमेलसारख्या सेवा फुकटात दोन-चार एमबी देत होत्या. दुसरी पद्धत आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये स्टॅनफर्डला रचली. तिच्यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि मशीनवर त्याची फक्त प्रत असते.

तुमचं मशीन कुठल्या पद्धतीने चालतं, ते फोनवरून कळतं. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये आपलं मेलचं खातं उघडा आणि खाली खाली जा. पाच-दहा वर्षांपूर्वीचे मेल तिथे दिसले, तर जुना ठेवा सर्व्हरवर आहे. नुसते अलीकडचेच दिसले, तर जुने सगळे त्या एका डिस्कवर आहेत आणि इतर कुठेही नाहीत. खातरजमा प्रोग्रॅमच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये होते. तिथे पीओपी आणि ११० किंवा ९९५ हा पोर्ट लिहिलेला असेल, तर काहीही करण्याआधी प्रत काढून ठेवा. आउटलुकची पीएसटी नावाची फाइल बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरात असते. थंडरबर्डचा सगळा संसार प्रोफाइल फोल्डरात असतो. हेल्प मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावरून तो फोल्डर उघडता येतो. प्रोग्रॅम बंद करून फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची. चालू प्रोग्रॅमची काढलेली प्रत अर्धवट निघू शकते, आणि ते नेमकं तिची गरज पडेल त्या दिवशी समजतं. आयमॅप असेल, म्हणजे पोर्ट १४३ किंवा ९९३ असेल, तर जिवाला घोर नाही.

प्रत झाली. आता अँटिव्हायरसकडे वळू. विषाणू शोधणारं सॉफ्टवेअर मेलच्या वाटेत आलंच कशाला? सुरुवातीला ते तिथे नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या आरंभी विषाणू फ्लॉपीवरून पसरत. ६ मार्चला डिस्क नासवणाऱ्या मायकेलअँजेलोने १९९२ मध्ये जगभर घबराट उडवली. त्याच सुमारास पुण्यात, मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर हे भाऊ या धंद्याकडे वळत होते. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला आलेल्या मशीनमधले विषाणू काढण्यासाठी संजयनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅम्समधून पुढे क्विक हील उभं राहिलं. त्या काळच्या अँटिव्हायरसचं काम सरळ होतं: फ्लॉपी घाला, तपासा, काढा.

मग २६ मार्च १९९९ रोजी मेलिसा आला. वर्डच्या एका फाइलच्या पोटात बसून तो आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःलाच पाठवायचा. ४ मे २०००ला फिलिपिन्समधून निघालेलं 'आय लव्ह यू' नावाचं पत्र एका दिवसात जगभर गेलं, मोठमोठ्या संस्थांना आपले मेल सर्व्हर बंद करावे लागले. यानंतर प्रत्येक अँटिव्हायरसवाल्याने मेलच्या वाटेवर आपला माणूस बसवला. डब्यावर 'ईमेल प्रोटेक्शन' असं ठळक छापलं जायला लागलं, आणि आज पंचवीस वर्षांनंतरही ते छापलं जातं.

हा माणूस वाटेवर बसतो कसा, ते कळलं की अँटिव्हायरस बदलल्यानंतरचे घोटाळे आपोआप उलगडतात. पहिली, जुनी युक्ती अशी. अँटिव्हायरस तुमच्या मेलच्या सेटिंग्जमध्ये शिरायचा आणि सर्व्हरचं नाव पुसून तिथे 'लोकलहोस्ट' किंवा १२७.०.०.१ लिहायचा. हा आकडा म्हणजे हेच मशीन. मेलचा प्रोग्रॅम सर्व्हरकडे जायच्या ऐवजी त्याच मशीनवर बसलेल्या अँटिव्हायरसकडे मेल मागायचा, आणि अँटिव्हायरस खऱ्या सर्व्हरकडून आणून, तपासून द्यायचा. २००० च्या आसपासच्या नॉर्टनमध्ये सर्व्हरच्या जागी नॉर्टनचंच नाव दिसायचं, एव्हीजीच्या मेल स्कॅनरमध्ये १०११० असा पोर्ट. अँटिव्हायरस नीट निघाला तर जाताना मूळ नाव परत लिहून जायचा. अर्धवट निघाला तर नाव तसंच राहायचं. मग मेलचा प्रोग्रॅम रिकाम्या खुर्चीकडे मेल मागत राहतो, थोडा वेळ थांबतो आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं सांगतो. नव्या विंडोजवर ही पद्धत क्वचित दिसते, पण जुनं खातं एका मशीनवरून दुसऱ्यावर तसंच्या तसं आणलेलं असेल, तर असा पत्ता आजही सापडू शकतो. सेटिंग्ज उघडून सर्व्हरचं नाव एकदा डोळ्यांनी वाचायचं. तिथे जीमेल, रेडिफ, याहू किंवा आपली जी सेवा असेल तिचं नाव हवं. लोकलहोस्ट दिसलं तर खरं नाव लिहायचं. ते त्या सेवेच्या मदतीच्या पानावर मिळतं. पाच मिनिटांचं काम.

नंतरच्या काळात अँटिव्हायरस सेटिंग्ज न बदलता विंडोजच्या आत, जिथून सगळी ये-जा होते तिथेच बसायला लागले. बाहेरून काही दिसत नाही, पण मेलच्या पोर्टांवरची रहदारी आधी त्यांच्या हातून जाते. इथून दुसरा आणि आजचा मुख्य घोटाळा सुरू होतो. आता मेल उघडा येत नाही, तो टीएलएस नावाच्या कुलपात येतो. सर्व्हर आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो, प्रोग्रॅम ते पारखतो, मग दोघांत अशी गुप्त भाषा ठरते जी मधल्या कोणाला वाचता येत नाही. अँटिव्हायरसलाही नाही. मग तो तपासणार काय? गोव्याहून येणाऱ्या गाडीला बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर थांबवून सामान उघडतात तसं त्याने केलं, फक्त एक पाऊल पुढे जाऊन: कुलूप उघडायचं, तपासायचं आणि वर स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवायचं. मेलच्या प्रोग्रॅमला जे प्रमाणपत्र दिसतं ते सर्व्हरचं नसतं, अँटिव्हायरसने जागच्या जागी बनवलेलं असतं. ते खरं मानलं जावं म्हणून अँटिव्हायरस बसतानाच आपलं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालून ठेवतो.

आउटलुक विंडोजची यादी मानतो. थंडरबर्ड मात्र फायरफॉक्सप्रमाणे स्वतःची वेगळी यादी बाळगतो. एकाच घरात, एकाच मशीनवर वडिलांचा आउटलुक चालतो आणि मुलीचा थंडरबर्ड अडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हे. जुन्या अँटिव्हायरसने आपलं प्रमाणपत्र थंडरबर्डच्या यादीत घातलेलं होतं, नव्याने घातलं नाही, किंवा त्याने घातलं तेव्हा थंडरबर्ड उघडा होता आणि ते नोंदलंच गेलं नाही. जानेवारी २०१९ च्या अखेरीस फायरफॉक्सची ६५वी आवृत्ती आली, तेव्हा अव्हास्ट आणि एव्हीजी असलेल्या विंडोज मशीनवर लोकांना पानोपानी 'जोडणी सुरक्षित नाही' असं दिसायला लागलं. मोझिलाला आवृत्तीचं वाटप काही काळ थांबवावं लागलं. जगभरच्या अनेक मशीनवर त्या आठवड्यात जे घडलं, तेच तुमच्या घरी नव्या अँटिव्हायरसच्या पहिल्या दिवशी घडतं.

अशा वेळी थंडरबर्ड एक खिडकी पुढे करतो, 'सिक्युरिटी एक्सेप्शन' मागणारी. घाईत 'कन्फर्म' दाबायचा मोह होतो. तो आवरून 'व्ह्यू' दाबा आणि दोन ओळी वाचा. 'इश्यूड टू' पुढे प्रमाणपत्र कोणाच्या नावाचं ते असतं, 'इश्यूड बाय' पुढे ते कोणी दिलं ते. जीमेलच्या सर्व्हरचं अस्सल प्रमाणपत्र 'गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस'ने दिलेलं असतं. त्या जागी तुमच्या नव्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर गुन्हेगार सापडला, आणि तो घरचाच आहे. कालच काढलेल्या जुन्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर तो पुरता गेलेला नाही. ओळखीचं कुठलंच नाव नसेल, तर मात्र खिडकी बंद करा आणि त्या जाळ्यावरून उठा. हॉटेलच्या किंवा स्टेशनावरच्या फुकट वायफायवर असं प्रमाणपत्र दिसलं, तर मध्ये कोणीतरी खरोखर परका बसलेला असू शकतो. या दोन ओळी वाचण्याची सवय मला सगळ्या उपायांहून मोलाची वाटते, कारण ती मेलबरोबर बँकेच्या पानालाही लागू पडते.

प्रमाणपत्राची तक्रार अँटिव्हायरसशिवाय आणखी एका कारणाने येते, आणि किनाऱ्यावर ते कारण नित्याचं आहे. प्रत्येक प्रमाणपत्राला कुठपासून कुठपर्यंत अशी मुदत असते. मशीनची तारीख चुकली, की चांगलं प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचं ठरतं. मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर घड्याळ चालतं. मशीन विजेशिवाय पडून राहिलं की सेल आणखी उतरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर मालवण-देवगडकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. जुना सेल असलेलं मशीन अशा खंडानंतर चालू केलं, की ते कुठल्या तरी भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीला जागं होतं. मग मेल अडतो, बँकेचं पान अडतं, अँटिव्हायरसची की 'अजून सुरू झाली नाही' असं म्हणते, आणि दोष नव्या अँटिव्हायरसवर जातो. उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहायची; चुकली असेल तर दुरुस्त करायची आणि सेल बदलून घ्यायचा. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो, सीआर २०३२ असं सांगायचं.

तारीख बरोबर आहे, सर्व्हरचं नाव बरोबर आहे, आणि तरी मेल अडलेलाच. आता नव्या अँटिव्हायरसची परीक्षा. अख्खा अँटिव्हायरस बंद करायचा नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'ईमेल प्रोटेक्शन', 'मेल शील्ड' किंवा 'ईमेल स्कॅन' असं एक वेगळं बटण असतं. तेवढंच बंद करा, मेलचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि पाहा. मेल धो धो यायला लागले, तर दुसरं काही शोधायला नको. फरक पडला नाही तर ते बटण परत चालू करून फायरवॉलकडे जा. बऱ्याच अँटिव्हायरसांसोबत त्यांची स्वतःची फायरवॉल येते. कोणता प्रोग्रॅम बाहेर जाऊ शकतो, याची तिची यादी नवीकोरी असते. पहिल्या दिवशी तिने 'थंडरबर्डला परवानगी द्यायची का?' असं विचारलेलं असतं आणि घरात कोणीतरी घाबरून 'नाही' दाबलेलं असतं. त्या यादीत मेलच्या प्रोग्रॅमपुढची बंदी उठवायची.

मेल येतो पण जात नाही, अशी तक्रार असेल तर जाणाऱ्या मेलचा पोर्ट पाहा. मेल पाठवायची एसएमटीपी ही पद्धत १९८२ पासून चालत आली आहे आणि तिचा मूळ पोर्ट २५. कचरा-मेलवाल्यांनी तो इतका नासवला, की इंटरनेट देणाऱ्या पुष्कळ कंपन्या घरगुती जोडणीवर तो बंद ठेवतात. घरातून पाठवायला ५८७ किंवा ४६५ हवा. जोडणीतच काही अडलंय का, याची शंका असेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून पाठवून बघा. हॉटस्पॉटवरून गेला आणि घरच्या लायनीवरून गेला नाही, तर अँटिव्हायरसला सोडून द्या.

जुना अँटिव्हायरस 'काढला' म्हणजे काय केलं, हेही विचारायला हवं. डेस्कटॉपवरचं चित्र पुसणं म्हणजे काढणं नव्हे. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल केल्यावरही काही ड्रायव्हर मागे राहतात, कारण अँटिव्हायरस सहजासहजी निघू नये अशीच त्याची बांधणी असते; नाहीतर विषाणूच त्याला आधी काढतील. म्हणून बहुतेक कंपन्या सफाईचं वेगळं साधन देतात. मॅकॅफी, नॉर्टन, अव्हास्ट, कॅस्परस्की, ईसेट, सगळ्यांचं आहे. ते त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचं, चालवायचं, मशीन रीस्टार्ट करायचं. योग्य क्रम म्हणजे जुना काढा, रीस्टार्ट करा, सफाई करा, पुन्हा रीस्टार्ट करा, मग नवा टाका. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी मेलच्या वाटेवर बसले, तर एकाने लावलेलं कुलूप दुसरा फोडायला जातो आणि जोडणी मध्येच तुटते. विंडोज सिक्युरिटीच्या पानावर सध्या कोणाचा पहारा चालू आहे ते लिहिलेलं असतं. तिथे दोन नावं दिसली तर एक काढायलाच हवं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर मात्र दुसरा अँटिव्हायरस नोंदला गेला की आपोआप बाजूला होतो, त्याला हात लावू नये.

कधी कधी घरात कोणीच काही बदललेलं नसतं आणि तरी अँटिव्हायरस बदललेला असतो. २०२४ मध्ये अमेरिकेने कॅस्परस्कीवर बंदी घातली, तेव्हा सप्टेंबरमध्ये तिथल्या ग्राहकांच्या मशीनवरून कॅस्परस्की निघून त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा वेगळाच अँटिव्हायरस आपोआप बसला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाने मालवणच्या आईला 'मशीनला काही केलं नाही' असं सांगितलं असेल, तर त्या महिन्यात ते अक्षरशः खरं असू शकतं.

आउटलुकवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जुने अँटिव्हायरस आउटलुकच्या आत ॲड-इन म्हणून आपला तुकडा बसवतात. मालक निघून गेला तरी तो तुकडा मागे राहतो आणि आउटलुक उघडताना अडखळतो किंवा गोठतो. कंट्रोल बटण दाबून धरून आउटलुक उघडलं, की सेफ मोडमध्ये उघडू का असं तो विचारतो. त्या मोडमध्ये मेल नीट आले तर ॲड-इनच्या यादीतून जुन्याचं नाव काढून टाकायचं. आणि अँटिव्हायरसने बनवलेला 'स्पॅम' किंवा 'अँटिस्पॅम' असा फोल्डर उघडून पाहायचाच. येत नाहीत असं वाटणारे मेल तिथे जाऊन बसलेले असतात.

पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर अँटिव्हायरस बहुधा निर्दोष आहे. योगायोगाने त्याच दिवसांत दुसरं काहीतरी बदललेलं असतं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्रॅम्सना नुसत्या पासवर्डवर मेल देणं बंद केलं. १६ सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक आणि हॉटमेल खात्यांवरही तेच झालं. विंडोजसोबत येणारं मेल नावाचं साधं ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला संपलं. आता गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या खिडकीतून आत शिरण्याची नवी पद्धत वापरावी लागते. फार जुना प्रोग्रॅम असेल तर गूगलच्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस पासवर्ड बरोबर टाकूनही दहा वेळा नाकारला जातो, मग चिडून तो पासवर्डच बदलतो आणि फोनवरचाही मेल बंद पाडून बसतो. निरोपात 'ऑथेंटिकेशन' किंवा 'पासवर्ड' हा शब्द असेल तर खात्याकडे जा, 'सर्टिफिकेट' असेल तर अँटिव्हायरस आणि घड्याळाकडे, 'टाइम्ड आउट' असेल तर सर्व्हरचं नाव, पोर्ट आणि फायरवॉलकडे. निरोप इंग्रजीत असतो म्हणून तो न वाचताच खिडकी बंद करू नका. फोनने फोटो काढा आणि दुकानदाराला तो फोटो पाठवा. 'मेल येणा नाय' पेक्षा त्याला त्यातून कितीतरी जास्त कळेल.

सगळ्यात धोक्याचा प्रसंग सहसा दिसत नाही, तो नव्या अँटिव्हायरसच्या पहिल्या पूर्ण तपासणीत घडतो. थंडरबर्ड एका फोल्डरातले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. त्यातल्या एका जुन्या कचरा-मेलात विषाणूची फाइल चिकटलेली असेल, तर अँटिव्हायरसला संपूर्ण 'इनबॉक्स' ही फाइलच आजारी दिसते, आणि तो ती उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. इनबॉक्स रिकामा! आउटलुक एक्स्प्रेसच्या दिवसांत अनेकांचा पत्रव्यवहार असाच गेला. असं झालं तर घाबरून क्वारंटाइन रिकामं करू नका. फाइल तिथे शाबूत असते. मेलचा प्रोग्रॅम बंद करून ती 'रिस्टोअर' करता येते. नंतर थंडरबर्डच्या प्रोफाइलचा फोल्डर तपासणीतून वगळा. थंडरबर्डमध्ये आलेला एकेक मेल वेगळा तपासू देण्याची सोयही आहे, ती चालू करा.

मदतीसाठी कोणाला फोन करायचा, हेही सांगायला हवं, कारण इथे माणसं मेलपेक्षा मोठं काहीतरी गमावतात. 'जीमेल कस्टमर केअर' किंवा एखाद्या अँटिव्हायरसचं नाव घालून गूगलवर नंबर शोधू नका. वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. ते गोड बोलून एनीडेस्कसारखं मशीन दुरून चालवण्याचं साधन टाकायला लावतात, आणि मग मेलऐवजी बँकेचं खातं उघडलं जातं. नंबर घ्यायचा तो डब्यावरचा किंवा बिलावरचा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मशीनमध्ये खरोखर काही शिरलंय अशी शंका असेल, तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून फुकट सफाईची साधनं ठेवलेली आहेत.

आता माझं मत. घरगुती मशीनवर मेल शील्ड बंद ठेवणं हा तात्पुरता इलाज नाही, तो कायमचा ठेवायलाही हरकत नाही. मेल तुमच्यापर्यंत येण्याआधीच सर्व्हरवर तपासला जातो. जीमेल तर चालणारी प्रोग्रॅम फाइल आतही घेत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. त्यातून एखादी वाईट फाइल आलीच, तर ती उघडायच्या क्षणी अँटिव्हायरसचा फाइलींवरचा पहारा तिला पकडतो, आणि तो पहारा चालूच असतो. उलट मधल्या मध्ये कुलूप फोडून पुन्हा लावणारं सॉफ्टवेअर स्वतःच चुकलं तर पहारेकऱ्यामुळेच दार उघडं राहतं. गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी जानेवारी २०१७ मध्ये कॅस्परस्कीच्या अशाच एका चुकीचा तपशील जाहीर केला होता; तिच्यामुळे एका संकेतस्थळाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी खपू शकत होतं. कंपनीने ती दुरुस्त केली. पण जे काम सर्व्हरवर आधीच झालेलं आहे तेच पुन्हा करण्यासाठी घरोघरी एवढी जोखीम कशाला घ्यायची, हा प्रश्न उरतोच. फिशिंगचा, म्हणजे खोट्या बँकेच्या पत्राचा धोका खरा आहे, पण तो फाइलीत नसतो, दुव्यात असतो, आणि त्यासाठी ब्राउझरचा पहारा जास्त कामाचा.

मेल सुरू झाला, की लगेच दुसऱ्या कामाला उठू नका. आउटबॉक्स उघडा. अडलेल्या दिवसांत तुम्ही लिहिलेले मेल तिथे साठलेले असतात आणि वाट मोकळी होताच ते एकामागून एक निघतात. त्यात गेल्या आठवड्यात कळवलेले खोल्यांचे दर असतील, त्या खोल्या आता दुसऱ्या कोणाला दिलेल्या असतील. एकच उत्तर तीनदा लिहिलेलं असेल. म्हणून सेटिंग्ज दुरुस्त करायच्या आधीच प्रोग्रॅम ऑफलाइन करून आउटबॉक्समधले शिळे मेल पुसावेत, नाहीतर मसुद्यांत हलवावेत, आणि मगच जोडणी चालू करावी. पीओपीचं खातं काढून नव्याने जोडलं असेल, तर सर्व्हरवर उरलेले जुने मेल दुसऱ्यांदा उतरतील, इनबॉक्समध्ये एकेकाच्या दोन-दोन प्रती दिसतील. त्याने बिघडत काही नाही, पण त्या पुसताना प्रत्येकाची एक प्रत राहिली आहे ना ते बघा, आणि पेनड्राइव्हवरची नक्कल निदान महिनाभर तशीच ठेवा.